टाकी तयार झाली हे कोण ठरवणार?

महाराष्ट्रात गप्पी मासा गावोगावी पोचला तो शोभेसाठी नव्हे, हिवतापाच्या भीतीने. डासांच्या अळ्या खातो म्हणून आरोग्य खात्याने त्याची पैदास केली, विहिरी, हौद आणि साचलेली डबकी यांत तो सोडला. आजही पावसाळा आला की पिंपरी-चिंचवडपासून खेड-चाकणपर्यंत गप्पी सोडायची मोहीम निघते. मासा मूळचा त्रिनिदाद, व्हेनेझुएला, गयाना या भागातला. १८५९ मध्ये जर्मन प्राणिशास्त्रज्ञ विल्हेल्म पीटर्स यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले; पुढे रॉबर्ट गप्पी यांनी त्रिनिदादहून लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला नमुने पाठवले आणि वर्णन पीटर्स यांचे असूनही नाव गप्पींचे चिकटले. आपल्याकडे मात्र त्याची ओळख एवढीच, की हा मासा कुठेही जगतो. गटाराच्या कडेला, शेवाळलेल्या हौदात, उन्हाने तापलेल्या डबक्यात त्याची पिल्ले वळवळताना सगळ्यांनी पाहिलेली असतात. मग तोच गप्पी, मोठ्या रंगीत शेपटीचा, पैसे मोजून आणला आणि घासूनपुसून लखलखीत केलेल्या नव्या टाकीत सोडला, की आठ-दहा दिवसांत तळाशी का जातो? दुकानदार म्हणतो पाणी बाधले, शेजारी म्हणतात मासाच रोगट होता, आणि घरातली मोठी माणसे म्हणतात मुक्या जिवाला कोंडूच नये. तिघांच्याही बोलण्यात थोडे तथ्य आहे, पण मुख्य कारण चौथेच आहे. मासा टिकणार की नाही हे टाकी ठरवते. आणि टाकी तयार झाली की नाही हे कॅलेंडर, दुकानदार किंवा खुद्द मासा यांपैकी कुणीही सांगू शकत नाही. ते परीक्षानळीतल्या रंगावरूनच कळते. या प्रकरणात एवढेच सिद्ध करायचे आहे.

सुरुवात खाद्यापासून करू. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी घरगुती टाकी घेतली तर तिच्यात साडेछप्पन लिटर पाणी मावते. खाली गोटे आणि वर मोकळी जागा सोडली की हिशेबाला पन्नास लिटर उरते. माशांच्या कोरड्या खाद्यात साधारण ४० टक्के प्रथिने असतात आणि प्रथिनांच्या वजनात सुमारे १६ टक्के नायट्रोजन. म्हणजे एक ग्रॅम खाद्याबरोबर ६४ मिलिग्रॅम नायट्रोजन पाण्यात जातो. घरातले लहान मूल हौसेने दिवसातून दोनदा चिमूट टाकते. चिमूट पाव ग्रॅमची धरली तर रोजचा अर्धा ग्रॅम झाला. मासे खातात, कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. जे खात नाहीत ते तळाशी कुजते आणि त्याचाही शेवटी अमोनियाच होतो. यातला निम्माच नायट्रोजन अमोनियात उतरला असे धरले तरी एका आठवड्यात लिटरमागे दोन मिलिग्रॅमच्या वर साठा होतो. नव्या टाकीत तो जाणार कुठे? काच स्वच्छ, गोटे धुतलेले, फिल्टरचा स्पंज कोरा. नाल्यात आणि हौदात हीच घाण येते, पण तिथे चिखल असतो, शेवाळ असते, दगडादगडावर बुळबुळीत थर असतो, आणि त्या थरात अमोनिया खाऊन टाकणारे जिवाणू ठाण मांडून असतात. शिवाय नाल्यात मेलेला गप्पी कुणी मोजत नाही. हजारातले शंभर जगले तरी बघणाऱ्याला मासा चिवट वाटतो. टाकीत मात्र सहातले पाच गेले की घरात रडारड होते.

हे काम जिवाणू करतात हे कळायला एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. १८७७ मध्ये श्लोझिंग आणि म्युन्ट्झ या दोघांनी फ्रान्समध्ये वाळूच्या स्तंभातून सांडपाणी हळूहळू झिरपवले. पहिले काही दिवस अमोनिया जसाच्या तसा खाली येत राहिला, मग तो नाहीसा होऊन त्याजागी नायट्रेट येऊ लागले. स्तंभात क्लोरोफॉर्मची वाफ सोडली तेव्हा हे रूपांतर थांबले, म्हणजे ते नुसते रासायनिक नव्हते, आत काहीतरी जिवंत होते. १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की यांनी झुरिचमध्ये हे जीव वेगळे करून दाखवले आणि त्यांचे दोन गट असल्याचे सिद्ध केले: एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. यापुढची शंभर वर्षे मत्स्यपालनाची पुस्तके दुसऱ्या कामाचे श्रेय नायट्रोबॅक्टरला देत राहिली. होवानेक आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये गोड्या पाण्याच्या टाक्या तपासल्या तेव्हा तिथे हे काम नायट्रोस्पिरा करत असल्याचे दिसले; आणि २०१५ मध्ये तर दोन्ही पायऱ्या एकट्याने चढणारा नायट्रोस्पिरा सापडला, त्यातला एक मत्स्यपालनाच्याच फिल्टरमधून. नावे पाठ करायची गरज नाही. ध्यानात ठेवायचे ते एवढेच, की हे जीव पाण्यात तरंगत राहत नाहीत, पृष्ठभागाला चिकटून थर करतात, आणि फार सावकाश वाढतात. अन्न नासवणारे जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतात. यांना त्यासाठी चांगल्या परिस्थितीतही पाऊण ते एक दिवस लागतो, वाईट परिस्थितीत कितीतरी जास्त. दिवसाला दुप्पट हा वेग धरला तरी हवी त्याच्या हजाराव्या भागाने सुरुवात झाली तर पूर्ण संख्येला दहा दिवस. कोऱ्या टाकीत सुरुवात हजाराव्या भागानेही होत नाही, आणि दुसरा गट पहिल्याने अन्न तयार केल्यावरच वाढू लागतो. चार ते सहा आठवड्यांचा जो काळ सगळीकडे सांगितला जातो तो असा आलेला आहे. हौशी लोक या काळाला टाकी 'सायकल' करणे म्हणतात.

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात राहणाऱ्याला खरे तर हे कुणी शिकवायला नको. चाकण, म्हाळुंगे, भोसरी इथल्या कारखान्यांचे ईटीपी आणि मोशी, रावेत, वाकडच्या मोठ्या सोसायट्यांचे एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारे प्लांट, याच तत्त्वावर चालतात. सांडपाण्यात हवा सोडून जिवाणूंचा गाळ जोपासायची रीत अर्डर्न आणि लॉकेट यांनी १९१४ मध्ये मँचेस्टरला मांडली, आणि आजही एअरेशन टँकमध्ये चालते ती हीच. नवा ईटीपी सुरू करताना ऑपरेटर काय करतो ते बघण्यासारखे आहे. तो दुसऱ्या चालू प्लांटमधून गाळ आणतो किंवा शेणकाला टाकतो, जिवाणूंना खुराक म्हणून युरिया आणि डीएपी देतो, ब्लोअर चोवीस तास चालू ठेवतो, आणि रोज नमुना काढून लॅबला देतो. काही आठवडे प्लांट दिसायला चालू असतो, पण 'चालू झाला' असे कुणी लिहून देत नाही. बाहेर पडणाऱ्या पाण्याचे आकडे सलग नीट येऊ लागल्यावरच कागदावर सही होते. मॅनेजरने कितीही घाई केली, ठेकेदाराने तारीख दिली असली, तरी जिवाणूंना त्याचे सोयरसुतक नसते. दिवसभर कंपनीत हा नियम पाळणारा माणूस संध्याकाळी घरी येतो आणि टाकीत पाणी भरून त्याच रात्री मासे सोडतो, याचे मला नवल वाटते. (सोसायटीच्या एसटीपीतला गाळ आणून टाकीत ओतावा असा शोध लावणारेही निघतील. जिवाणू तिथे हवे तेच आहेत, पण त्यांच्यासोबत सगळ्या सोसायटीचे पोटाचे विकारही आहेत. तो नाद करू नये.)

इथे पहिला आणि सर्वात वजनदार आक्षेप येतो. दुकानदार पिढ्यानपिढ्या सांगत आले आहेत, की आधी दोन-तीन स्वस्तातले गप्पी सोडा, ते महिनाभर जगले की टाकी जमली समजा, मग महागातले आणा. या पद्धतीने हजारो टाक्या उभ्या राहिल्या हे नाकारता येत नाही. जिवाणूंना अमोनिया मासा देतो की बाटलीतला क्षार, याच्याशी काही देणेघेणे नाही. माझा विरोध दोन कारणांनी आहे, आणि दया हे त्यातले दुसरे. पहिले कारण असे, की चिवट मासा हे अत्यंत वाईट मोजमाप आहे. भोसरीतल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये जॉब पास की नापास हे ठरवणारा गो-नोगो गेज घासून ढिला झाला तर तो बाद करतात, कारण त्यातून खराब जॉबही पास होतो. गप्पी हा तसा ढिला गेज आहे. पाण्यात नायट्राइट चढलेले असताना तो पोहत राहतो, खातो, माद्यांच्या मागे धावतो. मालकाला वाटते सगळे ठीक आहे. आत मात्र नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात शिरते आणि हिमोग्लोबिनचे मेथेमोग्लोबिन करते. त्या रक्ताला प्राणवायू वाहता येत नाही, त्याचा रंग तपकिरी होतो. मासा पृष्ठभागाला तोंड लावून हवा घेऊ लागतो तेव्हा लोक एअर पंप मोठा करतात आणि उपयोग होत नाही म्हणून चक्रावतात, कारण पाण्यात प्राणवायू भरपूर असतो, कमी पडते ते रक्त. अमोनियाने जळलेले कल्ले पुरते सुधारतीलच असेही नाही. ज्याचे आयुष्य उणेपुरे दोन वर्षांचे, त्याचा त्यातला एक महिना असा काढायचा, हे दुसरे कारण. मासे आधीच आणून बसलेल्यांना मात्र उपाय सांगायला हवा: रोज चाचणी, अमोनिया किंवा नायट्राइट दिसताच तिसरा हिस्सा ते निम्मे पाणी बदलणे, खाद्य एक दिवसाआड आणि नखाएवढे, आणि दहा लिटरला एक ग्रॅम साधे मीठ. मिठातला क्लोराइड कल्ल्यांपाशी नायट्राइटची वाट अडवतो.

आता पाणी. पुस्तकी सल्ला जिथे लिहिला गेला तिथले पाणी वेगळे, आपले वेगळे. आणि या पट्ट्यात तर पाच-सात किलोमीटरवर पाण्याची जात बदलते. पिंपरी-चिंचवडचे नळाचे पाणी मुख्यतः पवना धरणाचे, म्हणजे सह्याद्रीवर पडलेल्या पावसाचे. ते नदीपात्रातून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येते आणि तिथून उचलून निगडीच्या सेक्टर २३ मधल्या केंद्रात शुद्ध होते. धरणापासून बंद जलवाहिनी टाकायची योजना २०११ मध्ये मावळात तिच्याविरोधात आंदोलन करणाऱ्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी केलेल्या गोळीबारानंतर रखडली, त्यामुळे पाणी वाटेतले सगळे सोबत घेऊन येते. जलपर्णी माजते त्या दिवसांत कच्चे पाणी वेगळे, भर पावसात गढूळ, आणि क्लोरीनची मात्रा त्याप्रमाणे कमीजास्त होते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नळाशी मुक्त क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवा असे म्हटले आहे. माणसाचे जिवाणूंपासून रक्षण करणारा हा क्लोरीन आपण मुद्दाम जोपासत असलेल्या जिवाणूंनाही सोडत नाही. २०१९ च्या नोव्हेंबरपासून शहराला दिवसाआड पाणी आहे. त्याबद्दल शहर जे बोलते ते रास्तच आहे. पण घरोघरी भरून ठेवलेले पिंप माशांच्या मात्र पथ्यावर पडते. तोंड उघडे ठेवलेल्या पिंपातला क्लोरीन दीड-दोन दिवसांत उडून जातो, हवेचा दगड सोडला तर त्याहून लवकर. घाई असेल तर दुकानात मिळणारे अँटिक्लोरीनचे थेंब, म्हणजे बहुतेक वेळा सोडियम थायोसल्फेटच, काम भागवतात. दुकानदाराच्या 'पाणी दोन दिवस शिळे करा' या सल्ल्याचा अर्थ इतकाच आहे. शिळ्या पाण्याने क्लोरीन जातो, टाकी तयार होत नाही. दोन गोष्टींची गल्लत इथूनच सुरू होते.

पावसाचे पाणी मृदू असते, त्यात बायकार्बोनेट कमी. उलट चाकण, मोशी, चिखलीकडे ज्या सोसायट्या बोअरवेलवर आणि टँकरवर आहेत त्यांचे पाणी बसाल्टच्या भेगांतून मुरलेले, कॅल्शियम-मॅग्नेशियमने जड. गिझरच्या कॉइलवर पांढरा थर धरतो तेच. गप्पीला जड आणि किंचित अल्कधर्मी पाणी मानवते. जिवाणूंनाही मानवते, कारण अमोनियातला प्रत्येक मिलिग्रॅम नायट्रोजन खाताना ते पाण्यातली सुमारे सात मिलिग्रॅम अल्कता, म्हणजे बायकार्बोनेटमुळे येणारी आम्ल पचवायची ताकद, वापरून टाकतात आणि प्राणवायू साडेचार मिलिग्रॅम. मग बोअरचे पाणी सर्वार्थाने चांगले? तसेही नाही. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो, एक विषारी आणि एक बराचसा निरुपद्रवी, आणि त्यांचे प्रमाण पीएच ठरवतो. २८ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर विषारी हिस्सा एक टक्क्याच्याही आत, ८ असेल तर साडेसहा टक्के, साडेआठ असेल तर अठरा टक्के. म्हणजे निगडीतल्या टाकीत मासा ज्या अमोनियावर महिना काढेल त्याच आकड्याला चाकणच्या बोअरच्या पाण्यात दोन दिवसांत आडवा होईल. 'माझ्याकडे तर मासे सोडूनच टाकी जमली' असे सांगणाऱ्याला म्हणून आधी विचारावे, पाणी कुठले? टँकरवाल्यांची तर प्रत्येक खेप नवी विहीर असू शकते. आरओचे पाणी मात्र कुणीच वापरू नये. त्यात क्षार जवळजवळ नसतात, जिवाणूंचेही हाल आणि गप्पीचेही.

मासे न सोडता टाकी तयार करायची तर अमोनिया बाहेरून द्यावा लागतो. कल्हईवाला भांड्यावर जी भुकटी टाकून धूर काढतो तो नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, या कामाला उत्तम. फक्त बाजारातला भेसळीचा नको, प्रयोगशाळेच्या प्रतीचा घ्यावा. तीन ग्रॅम नवसागर शंभर मिलिलिटर पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवली, की त्यातले दहा मिलिलिटर पन्नास लिटरच्या टाकीत लिटरमागे दोन मिलिग्रॅम अमोनिया चढवतात. औषधाच्या सिरिंजने मोजले की झाले. फिल्टर चालू, दिवा बंद ठेवला तरी चालेल. हा डोस एकदा द्यायचा आणि थांबायचे. थेंबांच्या चाचणीत अमोनियाची नळी पहिल्या दिवशी गडद हिरवी येईल आणि बरेच दिवस तशीच येत राहील. याच काळात निम्मे लोक कंटाळून मासे आणतात. साधारण दुसऱ्या आठवड्यात हिरवा फिकट होत पिवळ्याकडे झुकतो आणि नायट्राइटची नळी गुलाबी-जांभळी होऊ लागते. अमोनिया संपला की पुन्हा डोस, तोही निम्मा, कारण नायट्राइट फार चढले तर दुसरा गट मंदावतो. मग नायट्राइटचा जांभळा रंग हटता हटत नाही असा एक लांब कंटाळवाणा टप्पा येतो, आणि एके दिवशी तो रंग एकाएकी उतरतो. नायट्रेट तपासताना चाचणीसंचातली दुसरी बाटली मिनिटभर जोरात हलवावी. त्यातला द्रव तळाशी बसतो आणि न हलवता केलेली चाचणी खोटी कमी दाखवते.

पवनेच्या पाण्यात इथे एक ठेच ठरलेली. दोन मिलिग्रॅमचा प्रत्येक डोस लिटरमागे सुमारे अकरा मिलिग्रॅम अल्कता खातो. मृदू पाण्यातला साठा काही डोसांत संपतो, पीएच साडेसहाच्या खाली घसरतो आणि सगळे काम ठप्प होते. नळ्या आठवडाभर तोच रंग दाखवतात, माणूस म्हणतो जिवाणू मेले. बहुधा मेलेले नसतात, अडलेले असतात. पन्नास लिटरला एक चहाचा चमचा खाण्याचा सोडा, म्हणजे सुमारे चार ग्रॅम, लिटरमागे पन्नास मिलिग्रॅम अल्कता परत आणतो आणि एक-दोन दिवसांत रंग पुन्हा हलू लागतो. बोअरवाल्यांना ही वेळ सहसा येत नाही.

बाटलीतल्या जिवाणूंविषयी विचारणा हमखास होते. तत्त्वतः गैर काही नाही, पण बाटलीत कोण आहे आणि जिवंत आहे का, हे लेबल सांगत नाही. काही बाटल्यांत बॅसिलस जातीचे बीजाणू असतात. ते तळाचा मळ कुजवतात, अमोनियाचे नायट्रेट करत नाहीत. ज्यात खरे नायट्रोस्पिरा आहेत ती बाटलीही मे महिन्यात टेम्पोत चार दिवस तापून आली तर तिचा भरवसा काय? वापरायची तर वापरा, पण ओतल्यावर डोस द्या आणि नळी बघा. दुसऱ्या दिवशी रंग उतरला तर पैसे वसूल. यापेक्षा खात्रीचा उपाय म्हणजे कुणाच्या तरी जुन्या, निरोगी टाकीतल्या फिल्टरच्या स्पंजचा तुकडा. हव्या त्याच्या हजाराव्या भागाऐवजी दहाव्या भागाने सुरुवात झाली तर दहा दुपटींऐवजी चारच पुरतात. वनस्पतींचा पक्षही मला मान्य आहे. हायड्रिला किंवा हॉर्नवर्टने दाट भरलेल्या आणि भरपूर प्रकाशातल्या टाकीत झाडेच अमोनिया शोषतात, तिथे ही सगळी यातायात कमी होते. पण फ्लॅटच्या पॅसेजमध्ये दोन काड्या लावलेल्या टाकीला लागवड म्हणत नाहीत. रोज पाणी बदलू, जिवाणू हवेत कशाला, असे म्हणणाऱ्यांनी दिवसाआड येणाऱ्या पाण्याचा हिशेब आधी घरच्यांशी बोलून घ्यावा.

तयार झालेली टाकी बिघडते ती दोन प्रकारांनी. एक म्हणजे स्पंज मळला म्हणून नळाखाली धुणे. महिन्याची कमाई क्लोरीनमध्ये जाते. स्पंज टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात पिळावा. दुसरा प्रकार वीज जाण्याचा. गुरुवारी दुरुस्तीसाठी दिवसभर वीज बंद हे या भागात नवे नाही, आणि हे जिवाणू प्राणवायूवर जगतात. उघडा स्पंज फिल्टर असेल तर काही तास निभतात. बंद डब्याचा फिल्टर असेल तर आतले पाणी सडते आणि वीज येताच ती सगळी सड टाकीत ओकली जाते. दोन-अडीचशे लिटरच्या टाकीचा थाट करण्याआधी बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घ्यावा. डिसेंबर-जानेवारीत टाकीचे पाणी वीस अंशांच्या आसपास आले की जिवाणू बरेच मंदावतात, म्हणून टाकी दिवाळीनंतर सुरू करणाऱ्याने हीटर तरी लावावा किंवा जास्त थांबायची तयारी ठेवावी.

कसोटी अखेर एकच. लिटरमागे दोन मिलिग्रॅमचा पूर्ण डोस संध्याकाळी द्यायचा. चोवीस तासांनी अमोनियाही शून्य आणि नायट्राइटही शून्य आले पाहिजे, आणि हे सलग दोनदा. एवढी ताकद सहा गप्पींना गरजेपेक्षा कितीतरी जास्त आहे, आणि ती जास्तच असायला हवी. कारण मादी साधारण चार आठवड्यांनी वीस-तीस पिल्ले घालते, नराचे बीज महिनोन्‌महिने साठवून ठेवते, आणि सहाच मासे आणले हा हिशेब तीन महिन्यांत हास्यास्पद होतो. कसोटी पार पडली की मासे आणण्याच्या आदल्या दिवशी पाऊण पाणी बदलावे, कारण दर डोसाला लिटरमागे सात मिलिग्रॅम नायट्रेट साठलेले असते. ते दोन-तीन बादल्या पाणी गॅलरीतल्या कुंड्यांना द्यावे, झाडे खूश होतात. माशांची पिशवी तरंगत ठेवून तापमान जुळवावे, पण पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये आणि पिशवी उघडल्यावर तासन्‌तास रेंगाळू नये. प्रवासात पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच खाली गेलेला असतो, म्हणून साठलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होऊ लागतो. मासे जाळीने उचलून सोडावेत, पहिला दिवस उपाशी ठेवावेत, आणि दोन आठवडे चाचणी चालू ठेवावी.

वाढलेली पिल्ले पवनेत किंवा इंद्रायणीत सोडू नका. गप्पी इथला नाही, आणि नदीतल्या मूळच्या छोट्या माशांपुढे अडचणी आधीच पुष्कळ आहेत. कुणी मागितली तर पिल्ले द्या, आणि त्यांच्याही आधी तुमच्या चालू फिल्टरच्या स्पंजचा एक ओला तुकडा द्या, तासा-दोन तासांत त्यांच्या टाकीत पोचेल असा.